आधी जुना जमा

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात स्टोअर माझ्या ताब्यात. नियम एकच: झिजलेला ड्रिल खिडकीतून आत द्यायचा, मगच नवा मिळणार. भाद्रपदात नाथाजी हात हलवत आला. मी नियम ऐकवला. त्यानं खिडकीतून हात घालून पाना माझ्या डोक्यात हाणला. सात टाके पडले.

चारच दिवसांनी क्षमावाणी. आम्हा जैनांत त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायची आणि करायची. मालकांनी संधी साधून नाथाजीला मंदिरात आणलं. तो मान खाली घालून उभा राहिला, क्षमा मात्र त्यानं मागितलीच नाही. मीच सगळ्यांदेखत हात जोडले, "क्षमा केली." काय कौतुक झालं माझं! पोलिसात जायचं राहिलं आणि नाथाजी कामावरही राहिला.

तेव्हापासून खिडकीतून कुणाचाही हात आला की मी टेबलाखाली. पंचेचाळिशीचा बाप्या! लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. मालक म्हणाले, "महावीर, सांगलीत समुपदेशक आहेत, त्यांच्याकडं जा. महिन्यात जमलं नाही तर स्टोअर दुसऱ्याकडं देतो."

त्या समुपदेशक, अर्फा मॅडम. त्यांना मी तीन गुरुवार एकच पाठ म्हणून दाखवला: क्षमा केली, विषय संपला. चौथ्या गुरुवारी त्यांनी सहीसाठी वही पुढं केली आणि मी खुर्चीसकट मागं सरकलो. त्या हसल्या नाहीत.

"त्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून सांगा," म्हणाल्या.

सांगू लागलो. "मी त्याला म्हटलं, आधी जुना जमा कर..." आणि तिथंच अडलो.

"काय झालं?"

"मॅडम, क्षमा न्यायला आला तेव्हा मी त्याच्याकडून काहीच जमा करून घेतलं नाही. मला किती लागलं, तेसुद्धा त्याला ऐकवलं नाही."

मग मात्र राग आला, आणि रडूही. अर्धा तास गेला.

सोमवारी नाथाजी ड्रिल घेऊन खिडकीशी आला. मी भिंतीला टेकून म्हणालो, "थांब गड्या. देवळातली क्षमा मी परत घेतोय. आधी ऐक. मरतोय असं वाटलं हुतं मला. आजबी तुझा हात बघून घाम फुटतोय. लय राग हाय तुझा."

त्यानं हातातला ड्रिल खाली केला. "बोला, आवं," म्हणाला. "तुमी गप हात जोडलं, तवापासनं मलाबी झोप न्हाई. चुकलं माझं."

त्यानं झिजलेला ड्रिल आत धरला. मी टेबलाखाली गेलो नाही. ड्रिल घेतला, नवा दिला.

क्षमा अजून दिलेली नाही. ती स्टोअरमध्येच आहे.