माझं दार कुणी उघडलंच नाही

गार करणं हा माझा धंदा, पण आज माझंच डोकं तापलंय. मी फ्रिज बोलतोय. लोक अजून मला फ्रिज म्हणतात, म्हणून.

बारा वर्षं मी एका डॉक्टरांच्या घरी दूध-लोणी सांभाळलं. मग माझा कॉम्प्रेसर बसला. डॉक्टरीणबाईंनी नवा फ्रिज आणला आणि मला त्यांच्या शिलाईवालीला देऊन टाकलं.

"उंदरांपासून कापड तरी वाचेल," ती हरखून म्हणाली. तेव्हापासून माझ्या पोटात गिऱ्हाइकांचं कापड, अस्तरं आणि बटणांचे डबे.

तिच्या मुलीला लहानपणापासून साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचावं लागतं. ते गरिबांच्या सरकारी कार्डावर फुकट मिळायचं, पण ठेवायचं गार. मी असा निकामी, म्हणून आई ते ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची. आणि मडकं कुठे? माझ्याच डोक्यावर! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

एक दिवस राहणीमान मोजायला पाहणीवाल्या बाई आल्या. घरी कुणी येणार म्हणून शिलाईवालीनं मला घासूनपुसून लख्ख केलं होतं. तिथंच घात झाला.

"फ्रिज आहे," म्हणत बाईंनी फॉर्मवर खूण केली.

"अहो ताई, बंद आहे तो! कपाट आहे आमचं."

"मावशी, फॉर्मात 'आहे' नाहीतर 'नाही', एवढंच आहे. चालतो का, हे विचारलेलंच नाही."

"मग दार उघडून बघा की!"

"अजून चाळीस घरं आहेत हो माझी."

महिन्याभरात पत्र आलं. राहणीमान उंचावल्यामुळे कार्ड रद्द.

मी हादरलोच. या घरात मी घोटभर पाणी गार केलं नाही, आणि माझ्यामुळे राहणीमान उंचावलं? हे कोणतं मोजमाप?

शिलाईवालीनं कचेरीत हेलपाटे घातले. शेवटी फेरतपासणी ठरली, उद्याची. आज मायलेकींनी मला ओढत दाराबाहेर काढलं.

"घेतेस का गं? कापड छान राहतं," तिनं शेजारणीला विचारलं.

शेजारीण दोन पावलं मागे सरली. "नको गं बाई! माझंही कार्ड जाईल."

आता भंगारवाल्याची हातगाडी आलीय. माझे तुकडे करा, तक्रार नाही. मडकं आता शिलाई मशीनवर आहे आणि त्यात इन्सुलिनची शेवटची बाटली उरलीय. उद्या जे कुणी तपासायला येतील, त्यांनी फॉर्म उघडण्याआधी त्या मडक्यात एकदा हात घालावा.