माझ्या अंगावरची खाच

मी एक जुना बांबू आहे. घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायचा जो मांडव आहे, त्याचा कोपऱ्यातला खांब. जन्मलो जव्हारच्या डोंगरात. वाऱ्याने शीळ घातली की आम्ही सगळी भावंडं डोलायचो. मग कोयता आला, टेम्पो आला आणि बोईसरच्या बाजारातून मांडवाच्या मालकाने, दादूने, मला घरी आणलं. बाकीचे खांब पावसाळ्याआधी उपटले जात. मी पक्का, म्हणून मला तसंच उभं ठेवत. या मानाचा मला फार अभिमान होता, मित्रांनो.

दादूची लेक हिमानी. तिला वायुदलात जाऊन बॉम्ब टाकणारं विमान चालवायचं होतं. ती दहावीत असताना दादूने शाळेची टेप मागून आणली. वैमानिकाला लागते तेवढी उंची माझ्या अंगावर मोजली आणि कोयत्याने खाच पाडली. हिमानीचं डोकं तेव्हा पाच बोटं खाली होतं.

"बॉम्ब कोनाच्या घरावर टाकशील गो?" ओले बोंबील टांगता टांगता तिची आई चंद्रकांता विचारी.

"घरावर नाय, आये. शत्रूच्या तोफांवर."

"तोफेमागं पन कोनाची तरी पोरंच ना?"

हिमानी पुढचा बोंबील आईच्या हातात देई. मग आईच हसून गुणगुणे,

लेक माझी गो ढगात,
सावली पडं दर्यात.

वर्षं गेली. दर हंगामात ओल्या बोंबलांचं ओझं माझ्या खांद्यावर येई. खालची वाळू मऊ. मी तिळातिळाने खचत होतो, आणि माझ्यासोबत ती खाचही खाली उतरत होती. मला कळत होतं, पण सांगणार कसं? वारा आला की जीव खाऊन करकरायचो. दादू म्हणायचा, "गाठी सैल झाल्या वाटतं. आवळा रे!"

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हिमानी मला पाठ टेकून उभी राहिली. डोकं खाचेला लागलं.

"भरली! आये, उंची भरली!"

"एकदा टेप आनू का?" चंद्रकांता म्हणाली.

"टेप कशाला?" दादू हसला. "खाचेला काय पाय फुटलेत?"

आळीभर पेढे वाटले गेले. अर्जात विमान न उडवणाऱ्या शाखांचाही रकाना होता. तो हिमानीने कोरा सोडला.

लेखी परीक्षा, मुलाखत, सगळ्यात ती पास झाली. शेवटी तपासणीत उंची मोजली. दोन बोटं कमी.

परतली ती पाठीवरच्या बॅगेसकट सरळ माझ्याकडे आली. गुडघ्यांवर बसून माझ्या पायाशी हातांनी उकरू लागली. उन्हाने पांढरी पडलेली माझी साल वाळूच्या आतही दोन बोटं गेली होती.

"बाबा, ह्यो खचलाय."

दादूने खाचेवर अंगठा फिरवला. "माज्याच हातची खाच गो."

"तुमचा काय दोष?" तिने वाळू परत लोटली. "वझं आपन समद्यांनीच टांगलं."

दुसऱ्या शाखांचा रकाना तर कोराच गेला होता, आणि पुन्हा अर्ज तिने केलाच नाही.

दादूने मला उपटलं, खड्ड्यात चपटा दगड बसवला आणि पुन्हा उभं केलं. खाच आपल्या जागी गेली. हिमानी आता बोंबलांच्या पाट्या घेऊन त्या खाचेखालून ये-जा करते. डोकं लागत नाही. चंद्रकांता टांगताना गुणगुणत नाही.

मित्रांनो, लेकराच्या उंचीची खूण खांबावर जरूर करा. पण आधी त्या खांबाच्या पायाखाली दगड घाला. खचताना आम्हाला कळतं हो. ओरडता येत नाही.