हातभर खोल समुद्र

“बा, पायरी हाये. उजवा पाय टाक.”

“मले पायरी शिकवून राह्यला का? जलमभर डोंग्यात चढलो मी.”

असं म्हणून डोमाबाबांनी डावा पाय टाकला आणि नेमके ठेचाळले. श्रावणने त्यांना सावरलं. तो हसला नाही. त्यांची पिशवी घेऊन मागे उभा असलेला मी मात्र हसलो, कारण म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. चंद्रपूरच्या शिबिरात कालच त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि त्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकलेला, की तो ऊन आणि सावली ओळखण्यापुरताच कामाचा. पट्टी आठवड्याने उघडणार होती. तोवर खेड्यात धुळीत न्यायचं नाही असं डॉक्टरांनी दरडावलं, म्हणून म्हातारा बल्लारपूरला मुलाच्या घरी आला. एरवी आला नसता. इतक्या वर्षांत त्याने या घराचा उंबरा पाहिला नव्हता.

ही मंडळी पोंभुर्ण्याकडची धिवर. गावच्या तलावात मासेमारी, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी. थोरल्या मुलाने बापाचं जाळं खांद्यावर घ्यायचं, तर श्रावण पत्रा कापायला शिकला आणि बल्लारपुरात कूलर बनवू लागला. आमच्या गावात मे महिन्यात डॉक्टरपेक्षा कूलरवाल्याला जास्त भाव असतो, पण डोमाबाबांना त्याचं काय! “त्यानं जाळं सोडलं,” एवढंच ते लोकांना सांगत. पोरगा वारला हे सांगावं, त्या आवाजात.

पडवीत पाण्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्याने मान वळवली.

“नळ गळून राह्यला का कुठी?”

“नाई बा. पट्टी निंगाली का दाखवतो.”

“काय दाखवतं?”

“पाहाशील ना मंग.” श्रावणने त्यांना आत नेऊन खाटेवर बसवलं. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघताच तो हळू आवाजात म्हणाला, “बाबूजी, एकडाव त्याले दाखवाचं हाये. मी जाळं सोडलं, पानी नाई सोडलं. मी सांगून त्याले पटत नाई. डोळ्यानं पाहाले पाह्यजे.”

एका दमात इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

आता ‘बाबूजी’ म्हणजे मी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून, श्रावणचा शेजारी, आणि या सगळ्या खुळाचं मूळ. दोनेक वर्षांपूर्वी मद्रासहून थर्माकोलचा एक खोका आला होता. चंद्रपूरच्या कोण्या ठेकेदाराला बंगल्यात समुद्री माशांची काचपेटी ठेवायची हौस आली होती, आणि खोका पोचेपर्यंत ती फिटलीही होती. माल घ्यायला कोणी येईना. आत काहीतरी जिवंत आहे हे कळल्यावर मी घाबरून श्रावणला बोलावलं. धिवराचा माणूस, त्याला माशांचं कळेल, एवढाच माझा हिशेब. पिशवीत नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे होते आणि एक दगड. दगडावर तपकिरी, रबरासारखा गोळा, म्हणजे जिवंत प्रवाळ. श्रावणने तो घरच्या पातेल्यात त्याच्याच खाऱ्या पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यातून बारीक बारीक फुलं बाहेर आली. श्रावणने बोट लावलं तर झटकन आत गेली. तिथेच आमचा श्रावण गेला कामातून.

मद्रासच्या गाडीवरचा पॅन्ट्री कारचा एक स्वयंपाकी माझ्या ओळखीचा होता. तो समुद्राच्या पाण्याचे डबे आणू लागला, त्याच्याच हातून तिथल्या दुकानातून आणखी काही प्रवाळं आली. आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती बहुतेक सगळी मेली. श्रावणचं काही चुकलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. त्याने केलेल्या पहिल्या टाकीतलं पाणी उन्हाने रोज कमी व्हायचं, तो रोज तेवढंच समुद्राचं पाणी टाकायचा. गावच्या तलावाचं पाणी आटलं तर काय होतं, मासा दाटीने मरतो; धिवराला एवढंच ठाऊक. गोड्या पाण्यावर पिढ्या गेलेल्या माणसाला मिठाचा विचार शिवणार कसा?

तो कपाळाला हात लावून बसला होता आणि त्याची बायको मनकर्णा चुलीवरचं वरण ढवळत होती.

“वरन आटलं का खारट होते,” ती म्हणाली. “मंग आपन त्यात पानी टाकतो का मीठ टाकतो?”

श्रावण तिच्याकडे बघत राहिला. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि हा गडी वरून आणखी मीठ ओतत होता! तेव्हापासून आटलेल्या पाण्याच्या जागी विहिरीचं गोडं पाणी पडू लागलं, आणि टाकीच्या कारभारात मनकर्णाबाईंचा शब्द शेवटचा ठरला.

दुसरी टाकी श्रावणने स्वतःच्या अकलेने बांधली. पडवीत विटांचा ओटा, त्यावर पलंगाएवढी लांबरुंद आणि हातभरच खोल. दर्शनी बाजूला एका मोडलेल्या दुकानातली जाड काच. एवढी उथळ कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, “तलावाच्या काठालेच तं सारं जीवन असते, बाबूजी. मधात नुसतं पानी.” छपराची कौलं काढून त्याने काचेची बसवली; उथळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचतो आणि ही जनावरं उजेडावरच जगतात. आणि मे महिन्याच्या भट्टीत पाणी थंड कसं राहणार? त्याने आपला कूलरच टाकीवर रोखला. रुंद पाण्यावरून वारा गेला की पाणी थोडं उडतं आणि उरलेलं थंड होतं. माणसं घामाघूम आणि टाकी कूलरच्या वाऱ्यात, असं ते घर होतं. मनकर्णाबाई चटई टाकून टाकीशेजारीच झोपायच्या.

मी मद्रासला समुद्र पाहिला आहे. त्यात मला लाटा आणि फुगेवाले दिसले. समुद्राच्या पोटात काय असतं ते मी बल्लारपुरात, पेपर मिलच्या वासात आणि कोळशाच्या धुळीत पाहिलं. हिरव्या बटणांची चादर दगडावरून दगडावर पसरत चालली होती. जांभळी झुडपं दर सेकंदाला मुठी उघडत, मिटत होती. आणि मधोमध ते पहिलं तपकिरी प्रवाळ, आता परातीएवढं झालेलं. पावसाळ्यात वारुळावर अळंबी, आमच्याकडचं टेकोडं, उगवतं, तसाच देठ आणि तशीच छत्री, म्हणून मनकर्णाबाई त्याला टेकोडंच म्हणायच्या. छत्रीवर सोनेरी केसांसारखे हजार हात, सगळे पाण्याबरोबर हलणारे. गल्लीतली माणसं ते पाहायला यायची आणि चपला बाहेर काढायची. कोणी सांगितलं नव्हतं. मला या माणसाचा अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवतही नसे.

डोमाबाबांना येऊन चार दिवस झाले आणि चौकातला ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. सकाळचीच वेळ. कूलर थांबला, टाकीतलं पाणी फिरवणारा पंप थांबला. दुरुस्तीवाले म्हणाले, संध्याकाळ होईल. श्रावण सायकलवर जनरेटर शोधत गावभर फिरला. पण लग्नाची तिथी दाट. सगळे जनरेटर मांडवात. माझ्या ऑफिसात आंध्रातून मासळीच्या पेट्या येतात, त्यांच्यातला बर्फ मी पिशव्यांत भरून आणला. वरिष्ठांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. आम्ही पिशव्या पाण्यात सोडल्या, काचेच्या कौलांवर ओली पोती टाकली. श्रावण तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतत होता. 

“काय चालून राह्यलं?” आतून आवाज आला. मनकर्णाबाईंनी सांगितलं. म्हातारा भिंत चाचपत पडवीत आला आणि टाकीत मनगटापर्यंत हात घातला.

“मामाजी, डोळ्यात पानी जाईन! डाक्टरनं काय सांगतलं?” मनकर्णाबाई ओरडल्या.

“डोया वर हाये, हात खाली हाये. मले स्टूल दे.”

स्टूलवर ताठ बसून, मान न वाकवता, ते तळव्याने पाणी हापटू लागले. एका लयीत, न थकता; पाण्यात हवा मिसळायची ती धिवरांची जुनी सवय. दुपारपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीने दमलो, म्हातारा हलला नाही. मग एकाएकी त्यांचा हात थांबला. त्यांनी नाक वर केलं.

“श्रावण, काही तरी मेलं.”

“नाई बा. मासे फिरून राह्यले.”

“मासा नाई. ह्या बाजूनं. वास येऊन राह्यला.”

मला काही वास आला नाही. श्रावण वाकला. टेकोड्याची छत्री झुकली होती, सगळे हात आत गेले होते आणि एका कडेला बुळबुळीत पांढरं पडलं होतं.

“थकलं असन,” तो म्हणाला. “संध्याकायी लाइन आली का उठन.”

“तूच पाहा. पन सडलेलं पान्यात ठेवशीन तं जितं बी मारशीन. काढ ते.”

“बा, ते सगळ्यात पह्यलं हाये. तेच तं तुले...” 

“काढ,” म्हातारा म्हणाला.

श्रावणने एकदा बायकोकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि घमेलं पुढे केलं. त्याने दगडासकट ते टेकोडं उचलून घमेल्यात ठेवलं. बाहेर येताच ते चिखलासारखं पसरलं आणि मग तो वास मलाही आला. परसात कण्हेरीखाली श्रावणने स्वतः खड्डा खणला. तो परत आला तेव्हा म्हातारा पुन्हा पाणी हापटत होता. संध्याकाळी दिवे आले. बाकी सगळं वाचलं.

ठरलेला आठवडा भरला, पट्टी उघडली आणि डोमाबाबांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा आला. रस्ताभर ते म्हणे पाट्या, बकऱ्या, माणसांचे बूट, सगळंच न्याहाळत होते. मी मुद्दाम ड्यूटी बदलून घरी थांबलो होतो. वरून पाणी स्थिर दिसावं म्हणून श्रावणने कूलर बंद करून ठेवला होता. या वेळी पायरी बरोबर चढून म्हातारा आत आला आणि म्हणाला, “कुठी हाये तुहं पानी?”

स्टूलवर बसून ते किती तरी वेळ बघत राहिले. श्रावण भिंतीला टेकून उभा होता, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसा.

“हे झाडं होत का जनावरं?”

“जनावरं, बा.”

“जाग्यावरून हालत नाई, तं खाते काय?”

“ऊन.”

“मंग बल्लारपुरात उपाशी नाई मरत,” म्हातारा म्हणाला. मी मोठ्याने हसलो. श्रावणला हसू आलं नाही.

नारिंगी मासा काचेशी आला, म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघून मान हलवली. मग मधल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

“अन् इथी मधात खाली काऊन?”

“तिथीच होतं ते.”

“जे म्या काढाले लावलं?”

“हो. काढलं म्हनून हे बाकीचे हायेत, बा.”

म्हातारा काचेशी वाकला. मग म्हणाला, “कसं होतं?”

 श्रावणने दोन्ही मनगटं जोडून हात छत्रीसारखे उघडले आणि बोटं हळूहळू हलवली, पाण्यात हलावीत तशी. पत्र्याने कापून कापून ती बोटं खरबरीत झाली होती. म्हातारा नव्या डोळ्याने त्या बोटांकडे बघत राहिला. श्रावणने हात खाली घेतले तरी बघत होता.

मग डोमाबाबा उठले. त्यांनी ओंजळ टाकीत बुडवली, कपाळाला लावली आणि तोंडात घेतली. मनकर्णाबाई धावल्याच.

“मामाजी, खारं हाये ते! थुका, थुका!”

नंतर मनकर्णाबाईंनीच मला सांगितलं, की दरवर्षी पहिलं जाळं टाकण्याआधी म्हातारा काठावर उभा राहून तलावाचं पाणी असंच पितो. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की डोमाबाबांचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, गळ्याची घाटी खालीवर झाली, पण ते थुंकले नाहीत. मिशी पुसून त्यांनी पाण्यात पुन्हा हात घातला आणि तसाच ठेवला.

“श्रावण,” ते म्हणाले, “कूलर चालू कर. पानी तापून राह्यलं.”