तळघरातून सगळ्यांना

दाराची मूठ हातात आली तेव्हा सिस्टीमवाल्या बाईंना आधी हसूच आलं. एसी बंद पडला म्हणून त्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये आल्या होत्या. दार मागे आपसूक लागलं आणि परत निघताना आतली मूठ स्क्रूसकट निखळली. बाहेरून ते एका बोटानं उघडलं असतं. मोबाइल वर टेबलावर चार्जिंगला. त्यांनी दार बडवून पाहिलं, पण मशिनींच्या घरघरीत स्वतःचाच आवाज धड ऐकू येईना. एरवीही त्या बाजूला चिटपाखरू फिरकत नसे.

घाबरायचं काय त्यात, असं स्वतःला बजावत त्या कीबोर्डशी बसल्या. एक कमांड दिली की लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर मेसेज उमटायचा. कुणी मेसेज बंद ठेवले असले तरी बाईंचा पोचायचाच. त्यांनी लिहिलं : 'मी सर्व्हर रूममध्ये अडकले आहे. कृपया दार उघडा.'

कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा पाठवला, मग पुन्हा.

खरं तर यात नवल नव्हतं. काम सेव्ह करा, पासवर्ड बदला, जुन्या फायली काढा, असलं काहीतरी त्या रोज पाठवायच्या आणि ते नेमकं लोकांच्या कामाच्या मधोमध उमटायचं. न वाचता पुसायची सवय सगळ्यांच्या बोटांना लागली होती. एकच उत्तर आलं, स्टोअरकीपरचं : 'बाई, प्रिंटरही अडकलाय. आधी तो बघा.'

"अहो, मी अडकलेय, मी!" बाई स्क्रीनवरच ओरडल्या.

खोली भट्टीसारखी तापत चालली होती. घशाला कोरड पडली. शेवटी त्यांनी ठेवणीतला बाण काढला, सिस्टीम बंद करायची कमांडच दिली. सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटलं : 'पाच मिनिटांत सिस्टीम बंद होईल.' आता तरी कुणी भांडायला येईल. भांडायला का होईना, या!

त्या दाराशी कान लावून उभ्या राहिल्या. कुणाची चाहूल नाही. परत येऊन बघतात तर स्क्रीनवरच्या, लॉगिन केलेल्यांच्या यादीतली नावं पटापट गळत होती. सिस्टीम बंद म्हणजे चहाची सुट्टी! सगळे खुशीत कॅन्टीनकडे निघाले होते. बाईंनी घाईघाईनं बंद करायची कमांड रद्द केली. सिस्टीम गेली असती तर उरलीसुरली वाचाही गेली असती.

यादीत एकच नाव राहिलं. हिशेब खात्यातली त्यांची नणंद. आभाळ कोसळलं तरी हातातली एंट्री पुरी केल्याशिवाय ती उठायची नाही. ऑफिसात नातं आणायचं नाही, हा नियम तिचाच. आणि बाईंनी नवऱ्यासह वेगळं घर केल्यापासून तर बोलणंही तुटलेलं.

बाईंनी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मग फक्त तिलाच पाठवलं : 'वन्सं, मी आहे. सर्व्हर रूममध्ये खरंच अडकलेय. जीव घाबरा होतोय.'

थोड्या वेळानं तेही नाव गेलं. बाई जमिनीवर बसल्या. आता इथे कुणाच्या लक्षात यायचं?

दार उघडलं. नणंद धापा टाकत उभी होती.

"वन्सं, दार सोडू नका!"

तिनं पायानं दार अडवलं. "बाहेर ये आधी. केवढी लाल झालीयेस!"

कॉरिडॉरमधल्या नळाला तोंड लावून बाई घटाघटा पाणी प्यायल्या. "आधीचे मेसेज दिसले नाहीत?"

"दिसले की. पुसले." नणंद ओशाळली. "मग इथे मला वन्सं कोण म्हणतंय, म्हणून वाचलं."

बाईंनी तोंड पुसलं. आत मशिनी तापतच होत्या. नीट बंद केल्या नसत्या तर जळाल्या असत्या, आणि ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

"मला परत आत जावं लागेल," त्या म्हणाल्या. पाय मात्र उचलेना.

नणंदेनं एक मोडकी खुर्ची ओढत आणली, उंबऱ्यावर ठेवली आणि दाराला पाठ लावून बसली. "जा. मी हलत नाही."

बाई आत गेल्या. दोन अक्षरं टाइप केली की मागे वळून बघायच्या.

"लिहितेस काय एवढं?"

"सगळ्यांना कळवतेय. सिस्टीम बंद करतेय म्हणून."

"अगं, वर आहे कोण वाचायला?"

"माहितेय," बाई म्हणाल्या आणि तरीही मेसेज पाठवला.