लाल नदीवरच्या होडीची हरकत

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि मला कोणाचीही दया नको. माझे म्हणणे मात्र ऐकून घ्या.

मी कॅडो लोकांची, अमेरिकेतल्या या नदीकाठच्या मूळ रहिवाशांची. साकोवी आणि तिचा धाकटा भाऊ तिनहू यांनी मला सायप्रसच्या एका खोडातून घडवले. खोडावर निखारे ठेवायचे, जळलेले लाकूड शिंपल्यांनी खरवडायचे, असे दोन महिने चालले. लाल नदीवर माझ्याएवढी मोठी होडी नव्हती. मी मीठ वाहिले, अस्वलाच्या चरबीची मडकी वाहिली. साकोवीचा जावई तिच्या घरी नांदायला आला तोही माझ्यातूनच.

मग फ्रेंच आले. त्यांचा नायक बर्त्राँ बंदुका देई, हरणाची कातडी घेई. एकदा माझ्यात बसून तो म्हणाला, "आम्ही नदीच्या मुखाशी झेंडा रोवलाय. म्हणजे उगमापर्यंतची सगळी जमीन आमच्या राजाची."

"अगं बाई! मग पाऊससुद्धा त्याचाच म्हण की," साकोवी म्हणाली.

पाठोपाठ स्पॅनिश आले. फ्रेंचांच्या ठाण्यापासून दिवसभराच्या वाटेवर त्यांनी आपले ठाणे बांधले. त्यांचा कप्तान उर्बिना साकोवीला म्हणाला, "फ्रेंच आज कातडी घेतायत, उद्या आमच्या चांदीच्या खाणींवर येतील. त्यांना इथंच अडवायला हवं."

"अडवा की. पण आमच्या अंगणात कशाला?"

जमिनीवर हक्क सांगणाऱ्या या दोघांनाही तीत धड पीक काढता येत नव्हते. दोन्ही ठाण्यांची चूल आमच्या मक्यावर पेटे.

एका उन्हाळ्यात समुद्रापलीकडे त्या दोन राजांचे बिनसले. बर्त्राँ सहा शिपाई आणि एक तोफ घेऊन काठावर आला.

"होडी दे, बाई. तोफ पलीकडे न्यायचीय."

"मीठ नेईन, माणूस नेईन. तोफ नाही."

"आज आम्हाला दिली नाहीस, तर उद्या स्पॅनिश ओढून नेतील."

"त्यांना तरी कुठं देतेय!"

शिपाई पुढे सरसावले. साकोवीने मला पाण्यात लोटले, मध्यावर नेले आणि एका कुशीवर कलंडवले. माझ्यात जाळ्याचे जड दगड होते. मी तळाला गेले. ती पोहत काठावर आली आणि म्हणाली, "घ्या आता."

त्यांनी तिनहूला धरून नेले. साकोवी घरोघर फिरली. त्या दिवसापासून फ्रेंचांकडे मक्याची एकही टोपली गेली नाही. पाचव्या दिवशी बर्त्राँनेच तिनहूला आणून सोडले. त्याचा ओठ फुटला होता, पण तो हसत होता. "ताई, त्यांच्या हंड्यात दोन दिवस नुसतं पाणी उकळत होतं!"

तोफ काठावरच्या चिखलात रुतून बसली.

पाणी उतरल्यावर बायकांनी मला वर काढले. मी आणखी वीस वर्षे राबले. पुढे नव्या लोकांनी नकाशावर नव्या रेघा ओढल्या आणि आमच्या माणसांना नदी सोडावी लागली. मला उचलून नेता येईना, म्हणून साकोवीच्या नातींनी मला गाळात जपून ठेवले.

कितीतरी वर्षांनी मी त्या गाळात कोणाला तरी सापडले. आता मी एका संग्रहालयात आहे. रोज माझी धूळ पुसतात, त्याबद्दल आभार. पण माझ्यापुढे पाटी आहे, 'फ्रेंच वसाहतकाळातील होडी'. परवा एक कॅडो आजी आल्या. पाटी वाचून त्यांनी रखवालदाराला विचारले, "का हो, फ्रेंचांनी ही कधी घडवली?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना वाळवी लागू देऊ नका. पण त्या कोणाच्या हातच्या, हे आधी विचारा. माझी पाटी अजून तशीच आहे. ती बदला.