गार मणी, कोमट मणी

माझ्या आजेसासूबाईंचा मण्यांचा बटवा चांगला शंभर वर्षांचा. काचेचा मणी गालाला गार लागतो आणि प्लास्टिकचा कोमट, हे ज्ञान चौऱ्याण्णव सालच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला पाजळायची मला काय गरज होती? झालं! अहमदाबादेत वासण्याच्या आमच्या सोसायटीतल्या यच्चयावत बायकांनी तो आपापल्या घामेजल्या गालावर दाबून पाहिला. सर्वांत शेवटी तो शेजारच्या पद्मावहिनींकडे पोचला.

"कोमट लागतोय हो मंदाकिनी! प्लास्टिक छे!" त्या सगळ्यांदेखत अर्ध्या गुजरातीत म्हणाल्या. म्हणजे प्लास्टिकच आहे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या गालांनी शेकल्यावर दगडसुद्धा कोमट लागला असता! ओल लागली की जुना दोरा कुजतो, म्हणून मी बटवा घट्ट झाकणाच्या डब्यात घातला, डबा नव्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला आणि सगळ्यांना सावकाश पन्हं दिलं. मग तोच बटवा वहिनींच्या गालाला टेकवला.

त्या किंचाळल्याच. "अगंबाई! काच कसली, हे तर हिरे!"

आता सगळी सोसायटी तेच म्हणते. यांनी दाराला दुसरं कुलूप बसवून घेतलंय. काचेच्या मण्यांसाठी!