सासूबाईंच्या जागी सबवूफर

चष्मेवाल्याच्या घरातल्या स्टीरिओत सगळं होतं, फक्त खर्ज नव्हता. ढोल वाजला तरी कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटायचं आणि त्याच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. शेवटी दुकानदार मित्राने नुसता खर्ज घुमवणारा एक सबवूफर वापरून बघायला दिला. "दोन असते तर बहार आली असती," असंही वर म्हणाला.

खोलीच्या मधोमध टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत बसलेल्या बायकोने त्या काळ्या ठोकळ्याकडे बघितलं, नवरा न विचारता कुणा पाहुण्याला राहायला घेऊन आल्यासारखं.

"फरक पडला तर राहील," तिने निकाल दिला. "नाही पडला तर उद्या सकाळी चालता होईल."

आता अब्रूचा प्रश्न होता. जागा शोधायची रीत मित्राने समजावली होती. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण रांगत फिरायचं. जिथे खर्ज भरदार ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. म्हणून ठोकळा चष्मेवाल्याच्या लाडक्या आरामखुर्चीत विराजमान झाला आणि पन्नाशीचा चष्मेवाला गुडघ्यांवर आला.

"जावईबापू, काय हरवलंय?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं.

"खर्ज, आई."

"कपाटाखाली बघितलात?"

कपाटापाशी नुसती गुरगुर होती. खिडकीखाली आवाज पोकळ. दाराजवळ तर सगळाच आनंद. गुडघे बोंब मारत होते. आणि मग सासूबाईंच्या पायाशी ढोल असा घुमला, की बिचाऱ्याला भरून आलं. जागा सापडली होती, पण तिच्यावर सासूबाई होत्या. रंगारी आले तेव्हासुद्धा त्या तिथून हलल्या नव्हत्या. त्यांच्यामागची भिंत अजून जुन्याच रंगाची होती.

"आई," तो खालूनच म्हणाला, "तुमची खुर्ची जरा..."

बायकोचा लाल पेन हवेतच थांबला. सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"म्हणजे हा ठोकळा माझ्या जागी येणार?"

"हो."

"मग मी ठोकळ्याच्या जागी."

ठोकळा कोपऱ्यात गेला, सासूबाई आरामखुर्चीत रेलल्या. गाणं लागलं. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने ताल धरला. चष्मेवाला दाराजवळ स्टुलावर बसला. तिथे खर्जाचा मागमूस नव्हता.

"पडला फरक?" बायकोने विचारलं.

"खूप!" सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुला?"

त्याला खोटं बोलवेना. "इथे काहीच ऐकू येत नाही गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"अहो, मग आणा की आणखी एक," सासूबाईंनी डोळे न उघडताच सांगितलं. "जावयाने कोरडं बसायचं आणि मी एकटीने ऐकायचं, बरं दिसतं का ते?"

चष्मेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळी दुसरा सबवूफर आला, स्टुलावर चढला, आणि चष्मेवाला पुन्हा रांगू लागला. या खेपेला कपाट, खिडकी सगळं मागे टाकून तो खोलीच्या मध्यापर्यंत आला, घुटमळला, पुढे गेला, परत आला. खर्ज इथेच होता, भरदार, पोटात शिरणारा. वर बघायची त्याची हिंमत होईना.

बायकोने टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.